दिव्याखालचा हिशेब

कुर्ल्याच्या आमच्या घरांत गेल्या दिवाळीपर्यंत जुन्या पद्धतीचा, तारेचा असा एकच बल्ब शिल्लक राहिला होता. तो म्हणजे देवघरांतला लाल झिरो बल्ब. दिवेलागणीस तो लागे आणि सकाळीं पूजा आटोपली म्हणजे मालवला जाई. बाकीच्या घरांतून तारेचे बल्ब केव्हांच हद्दपार झाले होते. परंतु या एका दिव्याकडे कोणाचीच दृष्टि गेली नव्हती. तो 'झिरो', अर्थात् त्याला वीज लागतच नाहीं, अशी घरांतल्या लहानथोरांची ठाम समजूत होती. वीज वांचविण्याच्या पंधरा-सोळा वर्षांच्या खटाटोपांत आमच्या कुटुंबानें काय मिळविलें आणि काय गमावलें, याचा हिशेब मांडावयास आम्ही बसलों तो या झिरो बल्बाच्या निमित्तानेंच. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं असाच हिशेब निघण्यासारखा असेल, म्हणून तो येथें देत आहों.

कुर्ला म्हटलें कीं आज लोकांना गर्दी आठवते, आणि ती आठवावी अशीच आहे. परंतु विजेच्या इतिहासांत या गांवाचें स्थान लहान नाहीं. जमशेटजी टाटांनीं १८८६ सालीं येथील डबघाईस आलेली धरमसी गिरणी विकत घेतली आणि तिचें नांव 'स्वदेशी' असें ठेविलें. सह्याद्रीवर कोसळणारें पावसाचें पाणी अडवून त्यापासून वीज काढावी, हें स्वप्नहि त्यांचेंच. तें त्यांच्या हयातींत साध्य झालें नाहीं; ते १९०४ सालीं वारले. पुढें लोणावळ्याकडील तलावांचें पाणी घाटाखालीं खोपोलीस उतरवून १९१५ सालीं ती वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. मग ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं हिंदुस्थानांतली पहिली विजेची आगगाडी बोरीबंदराहून निघाली, ती हार्बर मार्गानें येऊन थांबली कुर्ल्यासच. उपनगरांना वीज पुरविणारी कंपनी स्थापन झाली ती त्यानंतर चार वर्षांनीं, १९२९ सालीं. तेव्हां कुर्लेकरांपैकीं पुष्कळांनीं विजेची गाडी आधीं पाहिली आणि घरांतला विजेचा दिवा मागाहून, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आमची आजी लग्न होऊन मुंबईस आली ती १९५५ च्या सुमारास, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतून. माहेरीं कंदिलाच्या कांचा रोज राखेनें पुसण्याचें काम तिच्याकडे असे. सासरीं दोन खोल्यांत मिळून चाळीस वॅटचा एक बल्ब होता, आणि तो मधल्या दाराच्या चौकटीवर अशा बेतानें टांगलेला कीं थोडा उजेड इकडे व थोडा तिकडे पडावा. त्याच्याखालीं आजोबा कचेरीचे कागद पाहात, मुलें अभ्यास करीत आणि आजी तांदूळ निवडी. पुढें बिऱ्हाड नेहरूनगरांत आलें, शेजारची खोली जोडून घेतली, दिवे वाढले. पण खोलींत एकच दिवा ही रीत मात्र राहिली. २६ जुलै २००५ च्या महापुरांत मिठी नदीचें पाणी कुर्ल्यांत शिरलें, उपनगरांतली वीज बंद करावी लागली, आणि आम्ही दहा माणसें मेणबत्तीभोवतीं बसलों, तेव्हां आजीच तेवढी निश्चिंत होती. 'एवढ्या उजेडांत सगळें होतें,' असें ती म्हणाली, आणि खरोखर तिनें त्या उजेडांत दहा माणसांची खिचडी केली.

आतां त्या तारेच्या बल्बाविषयीं. टंगस्टन नांवाच्या धातूची केंसासारखी बारीक तार. तींतून वीज खेळविली कीं ती सुमारें अडीच हजार अंश तापते आणि पांढरटपिवळी लखलखूं लागते. कांचेच्या फुग्यांतून हवा काढून घेतलेली, किंवा तारेस न जाळणारा वायु भरलेला, म्हणून ती जळून जात नाहीं. अमेरिकेंत एडिसननें १८७९ सालीं, आणि त्याच सुमारास इंग्लंडांत स्वाननें, असा टिकाऊ दिवा करून दाखविला. त्यांची तार कार्बनाची होती, टंगस्टनची नंतर आली. युक्ति सुंदर खरी, पण फार उधळी. घेतलेल्या विजेपैकीं शेंकडा पांचाच्या आसपासच उजेड होतो. बाकीची सगळी उष्णता होऊन जाते. त्याला दिवा म्हणण्यापेक्षां थोडा उजेड देणारी शेगडी म्हणणें अधिक खरें. शिवाय त्याचें आयुष्यहि कमी, आणि तें कमी राहण्यांत माणसांचा हात होता. १९२४ च्या डिसेंबरांत जगांतल्या मोठ्या बल्ब-कारखानदारांनीं जिनीव्हास एकत्र येऊन संघ केला आणि बल्बाचें आयुष्य एक हजार तासांवर बांधून टाकलें. त्याहून अधिक टिकणारा बल्ब काढणाऱ्या सभासदास दंड होता. 'पूर्वीच्या वस्तु टिकत' असें म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

घरच्या भाषेंत सांगावयाचें तर असें. साठ वॅटचे आठ बल्ब रोज पांच तास लागले, तर महिन्याला ७२ युनिटें वीज जाते. त्यांच्या जागीं नऊ वॅटचे आठ एलईडी दिवे लावले, तर पावणेअकरा युनिटें. म्हणजे महिन्यास ६१ युनिटें वांचतात. युनिटाचा दर हिशेबापुरता सहा रुपये धरला तर साडेतीनशेंहून अधिक रुपये. त्यांतहि आमच्याकडे बिलाचे टप्पे आहेत. पहिल्या शंभर युनिटांस एक दर, त्यापुढें तीनशेंपर्यंत दुसरा, नंतर आणखी चढा. एकत्र कुटुंबाचें बिल नेहमींच वरच्या टप्प्यांत जाऊन बसतें. वांचलेलें युनिट हें या महाग टप्प्यांतलें असतें, ही गोष्ट आमच्या वहिनीनें प्रथम दाखवून दिली. तोंवर घरांतले पुरुष सरासरी काढीत बसले होते.

हा हिशेब इतका सरळ असतांना लोकांनीं जुना बल्ब सोडावयास इतकीं वर्षें कां घेतलीं? कारण उघड आहे. तारेचा बल्ब दहा-पंधरा रुपयांस मिळे. वीज वांचविणारा सीएफएल, ज्याला आपण गुंडाळीचा दिवा म्हणत होतों, तो शंभराच्या पुढें. फायदा पुढच्या दोन वर्षांच्या बिलांत, पण पैसे आज द्यावयाचे. महिनाअखेरीस बल्ब गेला म्हणजे गृहिणी दहा रुपयांचाच आणणार, आणि तिला अडाणी म्हणण्याचा अधिकार कोणाला नाहीं. हें ओळखून सरकारनें २००९ सालीं 'बचत लॅम्प योजना' काढली. सीएफएल ग्राहकास अवघ्या पंधरा रुपयांत, जुन्या बल्बाच्या किंमतींत द्यावयाचा, आणि उरलेली रक्कम परदेशीं कार्बन-श्रेय विकून भरून काढावयाची, अशी ती योजना. कल्पना चांगली होती; परंतु पुढें जागतिक बाजारांत त्या श्रेयांचा भाव कोसळला आणि योजनेचा पायाच गेला. परक्याच्या खिशावर आपल्या घरचा दिवा लावण्यांत हा धोका असतो.

आमच्या घरांत सीएफएल आले ते त्याच सुमारास, बाजारभावानें. त्यांची एक खोड होती, ती विकणाऱ्यानें सांगितली नाहीं आणि आम्हींहि विचारली नाहीं. बटण दाबल्यावर हा दिवा प्रथम मंद लागे आणि पूर्ण तेजास यावयास मिनिटभर घेई. बैठकीच्या खोलींत याचें कोणास कांहीं वाटलें नाहीं. पण काटकसरीच्या उत्साहांत आम्हीं तो मोरीकडे जाणाऱ्या बोळांतहि लावला. एका पावसाळी रात्रीं आजी उठली, बटण दाबलें, उजेड यावयाची वाट न पाहतां निघाली, आणि उंबऱ्याला अडखळून पडली. मनगट मोडलें. सहा आठवडे हात गळ्यांत बांधून ती बसून होती. त्या काळांत तिनें दिव्याला एकदांहि दोष दिला नाहीं. 'माझेंच लक्ष नव्हतें' असें ती म्हणे. दोष आमचा होता. दर महिन्यास चार-सहा रुपये वांचविण्यासाठीं, ज्या जागीं तत्काळ उजेड हवा तेथें आम्हीं उशिरां लागणारा दिवा बसविला होता. बोळांत पुन्हां तारेचा बल्ब आला आणि तो पुढें पांच-सहा वर्षें राहिला.

त्या बल्बास अखेर घालविलें तें एलईडीनें. लाल आणि हिरवा उजेड देणारे असे कण पूर्वींच निघाले होते. अडत होतें तें निळ्यापाशीं, आणि निळ्यावांचून पांढरा उजेड होत नाहीं. जपानांत आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनीं ती अडचण दूर केली. त्याबद्दल त्यांस २०१४ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु आमच्या घरीं एलईडी आला तो पारितोषिकामुळें नव्हे, भावामुळें. ५ जानेवारी २०१५ रोजीं केंद्र सरकारनें जी योजना सुरू केली आणि जी पुढें 'उजाला' या नांवानें प्रसिद्ध झाली, तिची युक्ति व्यापाऱ्याची होती. एका सरकारी कंपनीनें सगळ्या देशासाठीं लागणाऱ्या दिव्यांची खरेदी एकत्र करून कारखानदारांकडून निविदा मागविल्या. २०१४ सालीं जो दिवा ३१० रुपयांस खरेदी होत होता, तो २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. ग्राहकाला तो साधारण सत्तर रुपयांस मिळे. कित्येक ठिकाणीं तर बिलांतून दरमहा दहा-दहा रुपये देण्याची सोय होती. आजवर या योजनेंतून ३६ कोटींहून अधिक दिवे वांटले गेले आहेत. युरोपांत २००९ पासून तारेचे बल्ब कायद्यानें टप्प्याटप्प्यानें बंद करण्यांत आले, आणि तेथें त्यावर मोठी कुरकुर झाली. कित्येकांनीं जुन्या बल्बांचे सांठे करून ठेवले. आपल्याकडे तशी देशव्यापी बंदी घालावी लागली नाहीं. नवा दिवा गरिबाच्या आटोक्यांत आला, आणि लोकांनीं होऊन जुना सोडला. सरकारी योजनांस नांवें ठेवण्याची आपणां सर्वांस संवय आहे, व ती पुष्कळदां रास्तहि असते. पण या एका बाबतींत शाबासकी दिली पाहिजे असें आम्हांस वाटतें.

सरकारी हिशेबाप्रमाणें या दिव्यांनीं वर्षास सुमारें ४,८०० कोटी युनिटें वांचतात. हा आकडा आम्ही थोडा हात राखून घेतों. त्यांत प्रत्येक नवा दिवा जुन्या मोठ्या बल्बाच्या जागीं बसला असें धरावें लागतें, आणि आमच्याच घरीं तो बहुतेक ठिकाणीं चौदा वॅटच्या सीएफएलच्या जागीं बसला.

एलईडी बोळांत लावला आणि आजीचें भय गेलें, कारण तो बटण दाबतांच पुरा लागतो. पण दोन महिन्यांनीं सूनबाईंच्या ध्यानांत आलें कीं आजी संध्याकाळीं पोथी वाचीनाशी झाली आहे. विचारलें तर म्हणे, 'डोळे चुरचुरतात.' आम्हांस वाटलें, मोतिबिंदु. डॉक्टरांनीं तपासून तसें कांहीं नाहीं म्हणून सांगितलें. खरा प्रकार दिव्याच्या डब्यावर छापलेला होता, तो कोणी वाचला नव्हता.

डब्यावर वॅटखेरीज आणखी दोन आकडे असतात. एक ल्युमेनचा, तो उजेड किती तें सांगतो. साठ वॅटचा जुना बल्ब सातशें ल्युमेनच्या आसपास उजेड देई. नऊ वॅटचा एलईडी नऊशेंच्या घरांत देतो. वॅट म्हणजे खर्च आणि ल्युमेन म्हणजे उजेड, हें आपण विसरतों आणि खर्चावरूनच उजेड मोजीत राहतों. दुसरा आकडा केल्व्हिनचा. तो उजेडाचा रंग सांगतो. २,७०० म्हणजे जुन्या बल्बासारखा पिवळसर. ६,५०० म्हणजे भर दुपारच्या आकाशासारखा निळसर पांढरा. दुकानांत बहुधा हा दुसराच पुढें केला जातो; तो अधिक लखलखीत दिसतो, आणि घेणाऱ्यालाहि पैशाचा मोबदला मिळाल्यासारखें वाटतें. आमच्या काकांनीं तो डझनानें आणला होता. उतारवयांत डोळ्यांतलें भिंग धुरकट होतें. अशा डोळ्यांत तीव्र पांढरा, त्यांतहि निळसर, उजेड विखुरतो आणि झगमगाट जाणवतो. रात्रीं निळसर उजेड फार वेळ डोळ्यांवर पडला तर झोंप आणणारें द्रव्य शरीरांत कमी सुटतें, हेंहि आतां सिद्ध झालें आहे. आजीच्या खोलींत २,७०० चा दिवा लावला, तोहि थेट डोळ्यांवर न येतां खांद्यामागून पोथीवर पडेल असा. तिसऱ्या दिवशीं वाचन सुरू झालें.

या रंगाच्या प्रश्नावर एकटी आमची आजीच रुसली होती असें नाहीं. २०१५ च्या आरंभीं मरीन ड्राइव्हवरचे सोनेरी दिवे काढून तेथें पांढरे एलईडी लावण्यांत आले, तेव्हां त्या किनाऱ्याची शोभा गेली म्हणून मुंबईकरांनीं एकच ओरड केली. वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि अखेर पिवळसर झाकेचे एलईडी आले. बचत राहिली आणि रंगहि परत मिळाला. तेव्हां पांढरा झगमगाट हा काटकसरीचा अपरिहार्य दंड नव्हे. पिवळा एलईडी तितकीच वीज वांचवितो, केवळ मागून घ्यावा लागतो.

आतां हिशेबाची नावडती बाजू. २०१९ सालीं आमच्या घराची डागडुजी झाली. तरुण मंडळींनीं बैठकींत फॉल्स सीलिंग करविलें आणि त्यांत गोल दिवे बसविले. आरशावर एक, कपाटांत एक, पायरीखालीं एक. 'एलईडीच तर आहेत, वीज कितीशी लागणार!' हें वाक्य त्या दिवसांत आम्हीं किती वेळां ऐकलें तें सांगतां येत नाहीं. हिशेबास बसलों तेव्हां दिवे मोजले. आठाचे तेवीस झाले होते, आणि ते सरासरी पांचाऐवजीं सहा तास लागत होते. रिकाम्या खोलींतला दिवा मालवण्याची संवयच मोडली होती. महिन्यास ३७ युनिटें. जुन्या ७२ पेक्षां तीं कमी आहेत, पण पावणेअकरांच्या साडेतीनपट आहेत. बचतीचा मोठा वांटा आपण लख्ख उजेडांत उडवून दिला, आणि त्या उजेडांत घरांतलीं माणसें मात्र आपापल्या खोल्यांत बसलीं आहेत. यावर आम्ही उपदेश करीत नाहीं; आमच्या बैठकींतले गोल दिवे अजून आहेत. फक्त एकाच बटणावर असलेले बारा दिवे आतां तीन बटणांवर विभागले आहेत.

सीएफएलचें उत्तरकार्य हाहि एक विषय आहे. या दिव्यांत कांहीं मिलिग्रॅम पारा असतो. दिवा शाबूत असेपर्यंत त्यापासून भय नाहीं. फुटला तर खिडक्या उघडून पाव तास खोलीबाहेर जावें, मग जाड कागदानें तुकडे गोळा करून झांकणाच्या बरणींत भरावे, केरसुणी फिरवूं नये. २०१६ च्या नियमांनीं हे दिवे ई-कचऱ्यांत धरले आहेत, आणि पाऱ्यासंबंधींच्या मिनामाटा कराराच्या राष्ट्रांनीं २०२२ सालीं बाली येथें सीएफएलचें उत्पादन २०२५ अखेर थांबवावें असें ठरविलें. हें सर्व ठीक. पण आमच्या माळ्यावर जोड्यांच्या खोक्यांत गेलेले चौदा सीएफएल होते. कुर्ला ही भंगाराची मोठी पेठ. येथें तुटक्या छत्रीच्या काड्यांनाहि भाव येतो. तरी आमच्या भंगारवाल्यानें तें खोकें उघडून पाहिलें आणि परत बंद केलें. 'याचें कांहीं येत नाहीं,' म्हणाला. अखेर ई-कचरा गोळा करणाऱ्या एका शिबिराची बातमी लागली तेव्हां पुतण्या तें खोकें मांडीवर घेऊन रिक्षानें गेला. असें किती घरचे पुतणे जातील?

एलईडी घेतांनाहि डोळे उघडे ठेवावे. कुर्ला स्थानकाबाहेर संध्याकाळीं फळीवर दिवे पेटवून विकणारे बसतात. त्यांतले कांहीं दिवे वर्षानुवर्षें चालतात, कांहीं पंधरवडाहि काढीत नाहींत. या दिव्यांवर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे, तो क्रमांक पाहावा. दिवा फडफडतो कीं काय हें नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं. मोबाईलचा कॅमेरा त्यावर धरला आणि पडद्यावर काळे पट्टे सरकतांना दिसले, तर तो अभ्यासाच्या टेबलावर लावूं नये. आणखी एक. एलईडी स्वतः फार तापत नसला तरी त्याच्या बुडाशीं असलेल्या यंत्रणेस उष्णता सोसत नाहीं. चहूंकडून बंद अशा जुन्या कांचेच्या हंडींत तो बसविला तर लवकर जातो, आणि दोष मात्र दिव्याला मिळतो.

आणि आतां तो झिरो बल्ब. त्याच्या नांवांत शून्य असलें तरी तो पंधरा वॅटच्या आसपास वीज घेतो. जुन्या चकतीच्या मीटरांना एवढा लहान भार नीट मोजतां येत नसे, म्हणून हें नांव पडलें असें सांगतात. सायंकाळीं सातापासून सकाळीं आठापर्यंत तेरा तास. म्हणजे महिन्यास जवळजवळ सहा युनिटें. बैठकींतला नऊ वॅटचा एक एलईडी पांच तासांप्रमाणें सव्वा युनिटाच्या थोडा वर जातो. ज्याला कांहींच लागत नाहीं असें आम्ही समजत होतों, तो घरांतल्या साऱ्या दिव्यांत खर्चिक ठरला. वर्षास सत्तर युनिटें, आणि तीं किती वर्षें, याचा हिशेब आम्हीं केला नाहीं.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यांत पुतण्यानें अर्ध्या वॅटचा लाल एलईडी आणला. आजीची आधीं परवानगी घेतली. नव्वदी ओलांडलेली ती, पण असल्या गोष्टींत तिचा हट्ट नसतो. 'रंग तोच ना?' एवढेंच तिनें विचारलें. बल्ब बदलला, लाल उजेड पूर्वींसारखाच मूर्तींवर पडला, सर्वांस समाधान वाटलें. यंदा पावसाळा लागल्यावर मात्र तिनें एके सकाळीं काड्यापेटी आणून आमच्यासमोर ठेविली. एकहि काडी पेटत नव्हती. गेलीं चाळीस वर्षें ती काड्यापेटी आणि वातींची वाटी त्या झिरो बल्बाखालच्या फळीवर असे. त्याच्या ऊबेनें तीं भर श्रावणांतहि कोरडीं राहात. हें घरांत कोणालाच ठाऊक नव्हतें. वाटी आतां शेगडीजवळच्या कोनाड्यांत ठेवतात. देवापुढें दिवा लावावयाचा म्हणजे आजी आधीं स्वयंपाकघरांत जाते, मग देवघरांत.